कॅप्टनसाहेब, बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवा!

अख्खं विमान ज्याच्या हातात द्यायचं, त्याच्याच बॅगेतलं नेलकटर काढून घ्यायचं? पायलट मंडळींच्या सिक्युरिटी चेकची ही गोष्ट वाटते तेवढी कॉमेडी नाही...

सकाळची सहाची फ्लाइट. तुम्ही साडेतीनला उठून, टॅक्सीवाल्याला तीनदा फोन करून कसेबसे एअरपोर्टला पोचलेले. डोळ्यांवर झोप, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात घड्याळ, मोबाइल, पाकीट. सिक्युरिटीची लाइन मुंगीच्या पावलांनी सरकतेय. आणि शेजारच्या स्टाफच्या लाइनमध्ये एकदम रुबाबदार माणूस. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, मागे चाकांची काळी बॅग. हासुद्धा तुमच्यासारखाच बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवतो, दोन्ही हात पसरून उभा राहतो आणि सीआयएसएफचा जवान त्याच्या अंगावरून मेटल डिटेक्टर फिरवतो.

आधी गंमत वाटते. चला, इथे तरी सगळे सारखे! पण लगेच दुसरा विचार येतो. अरे, आपलं विमान तर हाच उडवणार आहे. याला काही वाईट करायचंच असेल तर नेलकटर कशाला लागेल?

हा प्रश्न मनातच ठेवा बरं का! जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एअरपोर्टवर एका पायलटने तो मोठ्याने विचारला. वाद त्याच्याकडच्या प्लकरवरून झाला होता. हो, भुवया कोरायचा तो प्लकर. मला विमान पाडायचंच असेल तर याची गरज काय, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला आणि थेट गजाआड झाला. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. असलं काही ऐकून घ्यायच्या मूडमध्ये कुणीच नव्हतं.

लॉजिक तर करेक्ट आहे!

खरं सांगायचं तर पायलट मंडळींच्या या म्हणण्यात दम आहे. मोठ्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये चक्क एक कुऱ्हाड असते, माहितीये? आग लागली किंवा अपघात झाला तर पत्रे फोडून वाट काढता यावी म्हणून ती तिथे ठेवलेली असते. म्हणजे गेटवर ज्याची छोटी कात्री जप्त होते, तो पुढच्या अर्ध्या तासात कुऱ्हाडीशेजारी जाऊन बसतो. आणि कुऱ्हाड तरी कशाला हवी? टाक्यांमध्ये हजारो लिटर इंधन भरलेलं विमानच त्याच्या हातात आहे.

अमेरिकेने तर कमाल केली. तिथे २००२ मध्ये कायदा झाला आणि २००३ पासून ट्रेनिंग घेतलेल्या पायलट्सना कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायची परवानगी मिळाली. म्हणजे एकाच देशात, एकाच धंद्यात, एकाच्या कमरेला सरकारमान्य पिस्तूल आणि दुसऱ्याच्या बॅगेतल्या प्लकरवरून राडा!

आपल्या ऑफिसचंच बघा ना. हिंजवडी असो नाहीतर बीकेसी, गेटवरचा सिक्युरिटीवाला तुम्हाला नावाने ओळखतो. तरी रोज बॅग उघडायला लावतो, लॅपटॉपचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतो. आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे कंपनीच्या सर्व्हरचा पासवर्ड असतो. नुकसान करायचंच ठरवलं तर ते बॅगेतून कशाला न्यावं लागेल? पण गेटवर कुणी पासवर्ड तपासत नाही, बॅगच तपासतात. पायलटचा वैतागही नेमका हाच. त्याच्याकडचं सगळ्यात धोकादायक 'हत्यार' एक्स-रे मशीनमध्ये दिसतच नाही.

मग हा खटाटोप कशाला?

याचं उत्तर दोन जुन्या घटनांमध्ये सापडतं.

पहिली ७ डिसेंबर १९८७ ची. अमेरिकेत एका एअरलाइनने आपल्या एका कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढलं. कारण? विमानातल्या ड्रिंक्सच्या विक्रीतले ६९ डॉलर त्याने ढापले होते. नोकरी गेली, पण ओळखपत्र त्याच्याकडेच राहिलं. ते दाखवून तो सिक्युरिटीला वळसा घालून आत शिरला. खिशात पिस्तूल. ज्याने त्याला काढलं तो साहेब त्याच विमानात होता. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पीएसए कंपनीचं ते १७७१ नंबरचं विमान डोंगराळ भागात कोसळलं आणि आतले सगळे ४३ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत नियम झाला, की एअरलाइनचे कर्मचारी असले तरी त्यांनाही प्रवाशांसारखंच तपासायचं. पायलटसुद्धा त्यात आले.

दुसरी घटना ७ एप्रिल १९९४ ची, मेम्फिस शहरातली. फेडेक्सचं मालवाहू डीसी-१० विमान. त्यात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनीअर स्टाफ म्हणून फुकट प्रवास करत होता. हातात गिटारची केस. केसमध्ये हातोड्या आणि मासे मारायची स्पिअरगन! त्याची नोकरी धोक्यात होती. सगळ्यांना मारून विमान पाडायचं आणि इन्शुरन्सचे पैसे घरच्यांना मिळवून द्यायचे, असा त्याचा प्लॅन. हातोडी यासाठी, की जखमा अपघातातल्याच वाटाव्यात. कॉकपिटमधल्या तिघांची डोकी फुटली, तरी ते झुंजले आणि विमान परत मेम्फिसला उतरवलं. तिघेही वाचले, पण पुन्हा कधीच व्यावसायिक विमान उडवू शकले नाहीत.

आता या दोन्ही गोष्टींत काय कॉमन आहे ते बघा. ड्युटीवरच्या पायलटने हत्यार आणलंय, असं यात कुठेच नाही. पहिला तर कर्मचारीसुद्धा उरला नव्हता, दुसरा त्या दिवशी निव्वळ प्रवासी होता. दोघांकडे चालले ते कार्ड आणि 'आपलाच माणूस आहे' हा विश्वास. म्हणजे प्रश्न 'बॅगेत काय आहे' एवढाच नव्हता. 'हा आज नक्की कोण आहे?' हाही होता.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडची सिक्युरिटीसुद्धा अशीच एकेक धक्का खात उभी राहिलीय. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं. त्यानंतर १९७८ मध्ये ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी, म्हणजे बीसीएएस, सुरू झाली. आधी ती डीजीसीएचाच एक विभाग होती. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क'मध्ये बॉम्ब फुटून ३२९ जण गेले आणि १९८७ पासून बीसीएएसला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. मग डिसेंबर १९९९ चं कंदाहार प्रकरण. त्यानंतर २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून एअरपोर्ट्स एकेक करून सीआयएसएफच्या ताब्यात गेले.

विमानतळाच्या सुरक्षित भागात जाणारा माणूस प्रवासी असो वा कर्मचारी, त्याची आणि त्याच्या सामानाची तपासणी झाली पाहिजे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवरही मान्य आहे. त्यामुळे आपले पायलट आणि केबिन क्रू लाइन वेगळी असली तरी मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातात. बॅग एक्स-रेमधून जाते, अंगावरून यंत्र फिरतं. महिला पायलट पडद्याआड जाऊन तपासणी देतात.

आता खरी गंमत ऐका. आपल्याकडे या तपासणीतून सूट असलेल्यांची यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, परदेशी राजदूत, दलाई लामा... यादी चांगली लांबलचक आहे. फक्त या सगळ्यांना घेऊन जो उडतो, तो पायलट तीत नाही! मागच्या सीटवरच्या मंत्र्याची बॅग तशीच आत जाते आणि कॅप्टनची मशीनमधून. पायलटच्या इगोला कुठे टोचत असेल, तर इथे.

युनिफॉर्म कुणीही शिवून घेतं

पण यादीत पायलट का नसावा, याचं उत्तर दिल्लीनेच दिलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली एअरपोर्टवर लुफ्तान्साच्या कॅप्टनच्या युनिफॉर्ममध्ये एक गृहस्थ पकडले गेले. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी, सगळं कसं परफेक्ट. फक्त ते पायलट नव्हते! सिक्युरिटीतून झटपट सुटका व्हावी, जरा भाव मिळावा, एवढ्यासाठी हा थाट. मग एप्रिल २०२४ मध्ये त्याच एअरपोर्टवर सिंगापूर एअरलाइन्सचा पायलट म्हणून मिरवणारा एक चोवीस वर्षांचा तरुण सीआयएसएफने उचलला. तोही तोतया.

दोघांपैकी कुणी दहशतवादी नव्हतं, हे आपलं नशीब. पण खांद्यावरच्या पट्ट्या म्हणजे ओळख नव्हे, हे दोघांनी सिद्ध केलं.

अमेरिकेचा शॉर्टकट

अमेरिकेत हे प्रकरण फारच पेटलं. २०१० मध्ये तिथे कपड्यांच्या आतलं दाखवणारे बॉडी स्कॅनर सगळीकडे लागायला लागले. स्कॅनर नको असेल तर हाताने कसून झडती. ऑक्टोबर २०१० मध्ये मेम्फिसलाच मायकेल रॉबर्ट्स नावाच्या पायलटने दोन्हींना नकार दिला आणि ड्युटीवर न जाता तो घरी निघून गेला. नोकरी पणाला लावून! रोज ड्युटीवर येताना आपल्याला संशयितासारखं वागवलं जातं, हा त्याचा मुद्दा. पायलट संघटनाही खवळल्या. महिन्याभरातच सरकारने माघार घेतली. युनिफॉर्ममधल्या, ड्युटीवरच्या पायलट्सना स्कॅनर आणि झडतीतून सूट मिळाली.

२०११ पासून 'नोन क्रूमेंबर' नावाची सोय सुरू झाली. आयडिया सिंपल. पायलटने एअरलाइनचं कार्ड आणि दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. समोरचा अधिकारी कॉम्प्युटरवर बघणार, की हा माणूस आज, या क्षणी खरंच नोकरीवर आहे का आणि फोटो जुळतो का. जुळला की आत. मधूनच कुणालाही न सांगता बाजूला घेऊन पूर्ण तपासणी. १९८७ च्या त्या कर्मचाऱ्याला हे नेमकं अडवलं असतं. कार्ड खिशात असतं, पण कॉम्प्युटरने 'नोकरी गेलीय' असं सांगितलं असतं.

मग प्रश्न सुटला? कुठला! मार्च २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला एक एअरहोस्टेस या क्रूच्या लाइनमधून जात होती. तिला अचानक तपासणीसाठी बाजूला बोलावलं. तिने महागडे बूट तिथेच भिरकावले, बॅग टाकली आणि वर येणाऱ्या एस्कलेटरवरून अनवाणी खाली धूम ठोकली! बॅगेत तीस किलोच्या आसपास कोकेन होतं. २०२४ मध्ये तर दोन सायबर संशोधकांनी दाखवून दिलं, की छोट्या एअरलाइन्स आपल्या क्रूची यादी ज्या वेबसाइटवरून सांभाळायच्या, तिच्यातच भोक होतं. कुणीही घुसून त्यात खोटा पायलट जोडू शकला असता. आम्ही काही फक्त त्या यादीवर विसंबून नसतो, असं तिथल्या सुरक्षा यंत्रणेचं म्हणणं पडलं.

थोडक्यात, ओळख पटवणं झडतीपेक्षा जास्त कामाचं आहे. पण अधूनमधून बॅग उघडायची भीतीही हवीच.

चार्टरवाल्यांची तऱ्हाच वेगळी

हे झालं एअरलाइनचं. चार्टर पायलटची दुनिया आणखी न्यारी. मुंबईत कलिन्याच्या बाजूला, दिल्लीत २०२० मध्ये सुरू झालेल्या खास टर्मिनलवर किंवा आपल्या जुहूच्या धावपट्टीवर ना दीडशे जणांची रांग, ना ट्रॉल्यांचा खडखडाट. तेच जुहू, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले होते. प्रवासी चार-सहा, बहुतेक वेळा ओळखीचे. कुणाचा शेठ, कुणाची फॅमिली, निवडणूक असेल तर नेते आणि त्यांचे कार्यकर्ते.

अमेरिकेने चार्टरसाठी वजनाची रेघ मारली. विमान साडेबारा हजार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ५,६७० किलोंपेक्षा जड असेल, तर चार्टर कंपनीने क्रूच्या बोटांचे ठसे घेऊन गुन्ह्यांचा रेकॉर्ड तपासायचा. प्रवाशांना मेटल डिटेक्टर मात्र विमान ४५,५०० किलोंच्या वर असेल किंवा त्यात ६१ किंवा जास्त सीट्स असतील तेव्हाच. म्हणजे छोट्या जेटमध्ये यंत्राची जागा ओळखीने घेतलीय. २००८ मध्ये हेच नियम स्वतःच्या मालकीच्या मोठ्या खासगी विमानांनाही लावायचा प्रस्ताव आला, तर एवढा आरडाओरडा झाला की तो बासनातच गेला.

चार्टर पायलटची गोची होते ती परतीला. समजा गिऱ्हाइकाला सोडलं, विमान तिथेच मुक्कामाला आणि याला एअरलाइनच्या फ्लाइटने घरी यायचंय. आता हा कॅप्टन नाही, साधा प्रवासी. बॅगेत मात्र कॅप्टनचंच सामान. टॉर्च चालून जाते. पण छोटी-मोठी कामं करायला ठेवलेली पक्कड-चाकू असलेली ती घडीची टूल? गेली डब्यात! सकाळी ज्याने अख्खं जेट उडवलं, त्याच्याकडून संध्याकाळी इंचभर पातं काढून घेतलं जातं. ऐकायला विनोदी आहे. पण मेम्फिसची गिटार आठवा. तोही त्या दिवशी 'स्टाफ' म्हणूनच बसला होता. आज हा कॉकपिटमध्ये नाही, केबिनमध्ये आहे, त्यामुळे केबिनचाच नियम. इथे मी तरी सिक्युरिटीवाल्यांच्या बाजूने आहे.

अपमान नक्की कशाचा?

बेल्ट काढण्यात अपमान नसतो, तो टोनमध्ये असतो. समोरच्या तरुण जवानालाही दिवसभर शेकडो चेहरे, शेकडो कुरकुरी झेलायच्या असतात. एक चूक झाली तर नोकरी त्याची जाणार. पायलटच्या डोक्यात मात्र हवामान, इंधन, आजचे सेक्टर्स असं सगळं चालू असतं. अशा वेळी दोन वाक्यांची वादावादीसुद्धा त्याच्यासोबत कॉकपिटमध्ये जाते. आणि ते तुमच्या-माझ्या फायद्याचं नाही.

उलटी बाजूही आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत स्टाफच्याच सिक्युरिटी लाइनमध्ये पुढे घुसण्यावरून वाद झाला आणि एका ऑफ-ड्युटी पायलटने आपल्याला मारहाण केली, असा आरोप एका प्रवाशाने केला. एअरलाइनने त्या पायलटला कामावरून बाजूला केलं. म्हणजे रांगेचा मान सगळ्यांनीच ठेवायचा, चार पट्ट्या असल्या तरी.

मशीनला न दिसणारी गोष्ट

आता सगळ्यात कठीण भाग. २४ मार्च २०१५. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान. कॅप्टन टॉयलेटला गेला आणि को-पायलटने कॉकपिटचं दार आतून बंद केलं. दहशतवादी आत शिरू नयेत म्हणून २००१ नंतर मजबूत केलेलं तेच दार. बाहेर कॅप्टन दार ठोठावत राहिला आणि विमान फ्रान्समधल्या आल्प्सवर आदळलं. १५० जण गेले. त्या को-पायलटकडे हत्यार नव्हतं. कुठल्याही मशीनने त्याला अडवलं नसतं. डॉक्टरांनी त्याला कामावर जाण्यायोग्य नाही असं सांगितलं होतं. ते त्याने कंपनीपासून लपवलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत असंच होता होता राहिलं. कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसलेल्या एका ऑफ-ड्युटी पायलटने दोन्ही इंजिनं बंद पाडू शकणारे दांडे ओढायचा प्रयत्न केला. क्रूने त्याला आवरलं, विमान पोर्टलंडला सुखरूप उतरलं. पुढे कळलं, की जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर तो मनाने खचला होता. पण डॉक्टरकडे गेलो तर उडायचं बंद होईल, ही भीती.

हीच खरी मेख आहे, मंडळी. आपण पायलटचे खिसे तपासतो. आपल्याकडे त्याचा श्वासही तपासतात. फ्लाइटआधी ब्रेथ ॲनालायझर टेस्ट. पहिल्यांदा दारू सापडली तर लायसन्स तीन महिने सस्पेंड, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. चांगलंच आहे. पण त्याला झोप लागते का, घरी काय चाललंय, मन ठिकाणावर आहे का, हे विचारणारी चौकट कुठेच उभी नाही. ती मशीनची असूच शकत नाही, माणसांचीच लागते. युरोपने २०१८ मध्ये नियम केला, की पायलटला नोकरीवर घेताना मानसिक चाचणी हवी आणि अडचणीत त्याला आपल्याच सहकाऱ्यांशी गुपचूप बोलता येईल अशी सोयही. आपल्या डीजीसीएनेही २०२३ मध्ये अशाच सूचना काढल्या.

सोय कागदावर आली, पण ती वापरायला पायलटला एक भरवसा लागतो. 'मला त्रास होतोय' असं सांगितलं तर करिअर संपणार नाही, उपचार घेऊन परत उडता येईल, हा भरवसा. तो नसेल तर माणूस गप्प बसतो, हसत ड्युटीवर येतो आणि बेल्ट ट्रेमध्ये ठेवून चौकटीतून आरामात पार होतो. मशीन वाजत नाही.

तेव्हा कॅप्टनचा बेल्ट जरूर तपासा. कार्ड तर दोनदा तपासा. पण एअरलाइन्सनी आणि सरकारने खरी मेहनत घ्यायची ती त्याने न घाबरता तोंड उघडावं यासाठी. नेलकटर काय, एअरपोर्टच्या डब्यात ढिगाने पडलेली असतात!